स्वभाव की संस्कृती? स्वतःच्या लग्नावर लिहिलेल्या कथा वाचताना

"तुझी पीएच.डी. नक्की कशावर आहे गं?" सांगलीला गेले की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. तीन वर्षांत मी त्याचं एक छोटं उत्तर बसवलंय. दोन वेगळ्या संस्कृतींतली माणसं लग्न करतात, त्यातलं एक जण लेखक असतं आणि पुढे त्या लग्नातून कथा-कादंबरी लिहितं. तसल्या लिखाणावर. हे ऐकून माझी मावशी लगेच म्हणाली, "म्हणजे तुझ्यावरच की!"

मावशीचं अगदीच चूक नाही. माझा नवरा कोट्टयमचा, सिरियन ख्रिश्चन घरातला. आमची गाठ पुण्यात पडली, लग्नही तिथेच रजिस्टर झालं. आणि हो, मी एक कथा लिहिली होती. आज माझ्या तिसऱ्या चॅप्टरबद्दल सांगायचंय, पण त्याची सुरुवात त्या कथेपासून करावी लागेल. गाईडना हे आवडणार नाही, पण ब्लॉग माझा आहे.

तर कथा. एका दिवाळी अंकात छापून आली. एक मराठी मुलगी पहिल्यांदा केरळात सासरी जाते. घर मोठं, अंगणात रबराच्या शीट वाळत घातलेल्या, स्वयंपाकघरात कुडमपुळी घातलेलं माशाचं कालवण. सगळे जेवायला बसतात आणि सासू उभी राहून वाढत राहते. कितीही आग्रह केला तरी बसत नाही. सगळ्यांचं झाल्यावर आत जाऊन एकटी जेवते. माझ्या नायिकेला त्यात त्या घराची सगळी रीत दिसते: बाईने शेवटी जेवायचं, तेही कुणाच्या नजरेआड. कथेचा शेवट त्या बंद दारावर होता. बऱ्याच जणांनी फोन करून "शेवट काय लिहिलायस!" असं कौतुक केलं.

नवऱ्याला मराठी बोलता उत्तम येतं, वाचता मात्र सावकाश. त्याने तीन रात्री घेऊन कथा वाचली. वाचून झाल्यावर अंक मिटला आणि म्हणाला, "अगं, अम्मच्चीची खालची कवळी सैल आहे. नवीन माणसासमोर जेवायची तिला लाज वाटते. दुसरी करून घे म्हणून मी कधीचा मागे लागलोय."

मी गप्प झाले. मग तो एवढंच म्हणाला, "तिला मराठी येत नाही हे बरं आहे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण शेवटी जेवणारी बाई मी काही कोट्टयममध्ये पहिल्यांदा पाहिली नव्हती. माझी आई जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवत आली, तेही ओट्याशी उभी राहून, कढईत उरलेल्या भाजीत भात कालवून. तिच्याबद्दल मी कधी "ही आमची संस्कृती" असं म्हटलं नाही. "आईचं आपलं असं असतं," म्हटलं. तीच गोष्ट माझ्या घरात स्वभाव होती आणि नवऱ्याच्या घरात संस्कृती झाली.

माझ्या चॅप्टरचा मुद्दा हाच आहे, फक्त तिथे तो जरा जड भाषेत लिहावा लागतो.

लेखक स्वतःचं आयुष्य नाव-गाव कमीजास्त बदलून कादंबरीत आणतो तेव्हा त्याला ऑटोफिक्शन म्हणायची पद्धत आहे. हा शब्द सेर्ज दुब्रोव्स्की ह्या फ्रेंच लेखकाने १९७७ मध्ये स्वतःच्या कादंबरीसाठी वापरला आणि तो रूढ झाला. अशा लिखाणाबद्दल सहसा "ह्यातलं खरं किती आणि रचलेलं किती?" असं विचारलं जातं. मला तो प्रश्न फारसा कामाचा वाटत नाही. माझ्या कथेत सगळं खरं होतं. सासू खरोखरच बसली नव्हती, दारही बंद होतं. तरी कथा खोटी होती, कारण मी दिलेलं कारण खोटं होतं.

म्हणून मी वाचताना दुसरा प्रश्न विचारते. अशा लग्नात काही खटकलं की दोन कारणं हाताशी असतात: 'तो तसाच आहे' आणि 'ते लोक तसेच असतात'. लेखक कुठे कोणतं कारण निवडतो? आणि स्वतःच्या बाजूच्या माणसांना एक, समोरच्यांना दुसरं, असं करतो का?

आता ही फूटपट्टी घेऊन रूथ प्रवर झाबवाला ह्या लेखिकेकडे बघू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती 'अ रूम विथ अ व्ह्यू' आणि 'हॉवर्ड्स एंड' ह्या सिनेमांची पटकथाकार म्हणून माहीत असेल. दोन्हींसाठी तिला ऑस्कर मिळालं. तिचा जन्म १९२७ चा, जर्मनीतल्या कोलोन शहरात, ज्यू कुटुंबात. नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये कुटुंब इंग्लंडला पळालं. लंडनमध्ये शिकताना सायरस झाबवाला ह्या पारशी वास्तुविशारदाशी ओळख झाली, १९५१ मध्ये लग्न झालं आणि ती दिल्लीला आली. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं ती तिथे राहिली. 'हीट अँड डस्ट'ला १९७५ मध्ये बुकर मिळालं आणि त्याच सुमाराला तिने न्यूयॉर्कला मुक्काम हलवला.

तिची दिल्लीच्या काळातली पुस्तकं सलग वाचली की एक गंमत लक्षात येते. घरात पारशी नवरा, पण ह्या कादंबऱ्यांच्या मध्यभागी पारशी घर नाही. आहेत ती बहुतेक दिल्लीतली हिंदू कुटुंबं, त्यातही पंजाबी: कंत्राटदार, सरकारी नोकर, कॉलेजातले मास्तर, त्यांच्या आया आणि आत्या. सगळ्यात जवळचा माणूसच पानावर नाही. मी सुरुवातीला ह्याला नुसता संकोच समजले होते. आता वाटतं, तिने तो माणूस मुद्दाम 'नमुना' होऊ दिला नाही.

मग लग्न कुठे गेलं? ते उलटं करून लिहिलंय. 'एस्मंड इन इंडिया' ही १९५८ ची कादंबरी. प्रत्यक्षात युरोपातून आलेली बायको आणि भारतीय नवरा, तर कादंबरीत नवरा इंग्रज आणि बायको भारतीय. एस्मंड दिल्लीतल्या परदेशी बायकांना भारतीय कला आणि संस्कृती शिकवून पैसे मिळवतो. बाहेर भारतावर छान छान बोलतो आणि घरी येऊन गुलाबवर, म्हणजे बायकोवर, चिडतो. तिचं तिखट खाणं, मुलाला हाताने भरवणं, दुपारी लोळत पडणं, सगळं त्याला असह्य होतं. गुलाबची प्रत्येक सवय त्याच्या लेखी अख्ख्या देशाची सवय आहे.

ह्याच्या शेजारी लेखिकेचा 'मायसेल्फ इन इंडिया' हा निबंध ठेवा. तो १९७१ च्या कथासंग्रहाची प्रस्तावना म्हणून आला. त्यात ती भारतात येणाऱ्या पाश्चात्त्य माणसाचं एक चक्र सांगते. आधी सगळंच अद्भुत वाटतं, मग तितकंसं नाही, मग सगळ्याचा तिटकारा येतो. काहींचं चक्र तिथेच थांबतं, तिच्यासारख्यांचं मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एस्मंड म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर अडकून पडलेला माणूस. जो तिटकारा आपल्यात येऊन जातो हे तिला ठाऊक होतं, तो तिने एका न आवडण्याजोग्या पुरुषाच्या अंगावर घातला आणि बाहेरून पाहिला. हे माझं वाचन आहे, तिने कुठे असं कबूल केलेलं नाही. पण ह्या अदलाबदलीमुळे तिला स्वतःचा राग तपासता आला आणि घरातल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करावं लागलं नाही.

मात्र इथे माझी तक्रारही आहे. एस्मंडची नजर कोती आहे हे कादंबरी आपल्याला दाखवते, पण गुलाबचं वर्णन करताना निवेदकही पुष्कळदा त्याच नजरेने बघतो. सुस्त, मऊ, खाण्यात आणि झोपेत रमलेली बाई. कितीतरी पानं वाटत राहतं की हिला मनच नाही. मग शेवटाकडे एक प्रसंग येतो. घरातला नोकर तिच्यावर हात टाकतो. इतके दिवस आई परोपरीने सांगत असूनही नवऱ्याला न सोडणारी गुलाब त्यानंतर मुलाला घेऊन निघून जाते. तिचा हिशेब साधा आहे: नवऱ्याचं पहिलं काम रक्षण करणं, ते त्याला जमलं नाही, तेव्हा तो नवरा राहिला नाही. इतके दिवस राहण्याचं आणि आता जाण्याचं, दोन्हींचं कारण तिने आपल्याच संस्कारांतून काढलंय. एस्मंड ज्या संस्कृतीवर व्याख्यानं देतो ती प्रत्यक्षात कशी चालते हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ह्या एका प्रसंगासाठी मी कादंबरीला बरंच काही माफ करते.

'अ बॅकवर्ड प्लेस' (१९६५) मध्ये ती आणखी पुढे जाते. इथे इंग्रज जूडी आणि तिचा भारतीय नवरा बाल, म्हणजे मांडणी प्रत्यक्षासारखीच. बालला नट व्हायचंय, कमाई काही नाही, नोकरी जूडी करते. आता हा बाल बेजबाबदार आहे तो भारतीय म्हणून का? कादंबरीत त्याच्याभोवती कष्टाळू, व्यवहारी भारतीय माणसंही आहेत आणि जूडीभोवती भारताला नावं ठेवत दिल्लीतच राहणाऱ्या परदेशी बायकाही आहेत. त्यामुळे बालचं उडाणटप्पूपण बालचंच राहतं आणि जूडीचं त्याच्यावरचं प्रेम जूडीचंच. शेवटी सुरक्षित नोकरी सोडून त्याच्यामागे मुंबईला जायला ती तयार होते, तेव्हा आपण वैतागतो. पण वैतागतो ते जूडीवर, इंग्लंडवर किंवा भारतावर नाही. माझ्या फूटपट्टीवर ही कादंबरी 'एस्मंड'पेक्षा सरस ठरते, जरी ती कमी वाचली जात असली तरी.

दुसरी लेखिका भारती मुखर्जी. कोलकात्याची, १९४० चा जन्म. आयोवाला लेखनाचं शिक्षण घ्यायला गेली आणि तिथे १९६३ मध्ये क्लार्क ब्लेझ ह्या सहाध्यायी लेखकाशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लग्न करून मोकळी झाली. तिची पहिली कादंबरी 'द टायगर्स डॉटर' (१९७१). नायिका तारा अमेरिकन नवऱ्याला, डेव्हिडला, न्यूयॉर्कमध्ये ठेवून एकटीच कोलकात्याला माहेरी येते. डेव्हिड लेखक आहे. त्याची पत्रं येतात, तो स्वतः येत नाही. ताराला त्याला कोलकाता समजावून सांगता येत नाही आणि माहेरच्यांना डेव्हिड समजावता येत नाही. शेवटी शहरात दंगल उसळलेली असताना ती गाडीत अडकून पडते आणि आपण इथून जगून बाहेर पडलो नाही तर आपलं प्रेम डेव्हिडला कधी कळेल का, हा विचार तिच्या मनात येतो. तिथे कादंबरी थांबते.

म्हणजे इथेही नवरा पडद्याआड. फरक एवढाच की झाबवालाने त्याला बदलून टाकलं आणि मुखर्जीने समुद्रापलीकडे ठेवलं. पण माझ्या मते तिची खरी करामत दुसऱ्या पुस्तकात आहे आणि ती कादंबरी नाही. १९७३-७४ मध्ये हे जोडपं मुलांना घेऊन वर्षभर भारतात येऊन राहिलं आणि १९७७ मध्ये दोघांनी मिळून 'डेज अँड नाइट्स इन कॅलकटा' लिहिलं. पहिला अर्धा भाग त्याचा, दुसरा तिचा. वर्ष तेच, शहर तेच, घरंही तीच. त्याची सुरुवात धास्तीने होते आणि हळूहळू तो ह्या गजबजलेल्या नात्यांच्या प्रेमात पडतो. ती ओढीने येते आणि शाळेतल्या मैत्रिणींची आयुष्यं बघता बघता तिचा राग वाढत जातो, कारण इथे राहिलो असतो तर आपण ह्यातलीच एक असतो हे तिला दिसतं. ज्या एकत्र कुटुंबाचं त्याला कौतुक, त्यातच तिला कोंडमारा जाणवतो.

दोघांपैकी खरं कोणाचं? मला वाटतं, हे पुस्तक दोन्ही भाग एकत्र बांधून आपल्याला तो निकाल देऊच देत नाही. शिवाय इथे ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला त्याच पुस्तकात, तितक्याच पानांत, उत्तर द्यायची सोय आहे. माझ्या कथेत ती नव्हती. अम्मच्ची वाचू शकत नाही अशा भाषेत, तिला ठाऊक नसलेल्या अंकात, मी तिच्याबद्दल निकाल देऊन टाकला होता.

तुम्ही म्हणाल, मग संस्कृती म्हणून काही नसतंच का? सगळं आपलं कवळीवर ढकलायचं? नाही. हा आक्षेप माझ्या गाईडनीही घेतला आणि त्याला उत्तर शोधताना मी आपल्याच एका पुस्तकाकडे वळले.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलं असेलच. ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, त्यामुळे चॅप्टरमध्ये तिला फक्त तुलनेपुरती जागा मिळालीये. पण हे लग्न बघा. ठरलं तेव्हा दोन्ही घरं चित्पावन ब्राह्मण, संस्कृती एकच. मग १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि एका दिवसात ते लग्न दोन धर्मांतलं झालं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई परतल्या त्याही सोवळं-ओवळं सांभाळून, आणि मग ते एकेक करून सुटत गेलं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

ह्या पुस्तकात टिळकांची भांडणं, विसराळूपणा, हातातले पैसे भलत्यालाच देऊन टाकणं, सगळं भरपूर आहे. पण लक्ष्मीबाई त्यातलं काहीही धर्माच्या खात्यावर टाकत नाहीत. टिळक हिंदू असताना तसेच होते, ख्रिस्ती झाल्यावरही तसेच. उलट सोवळं ही तर अख्ख्या समाजाची रीत, पण वडिलांच्या सोवळ्याबद्दल त्या लिहितात तेव्हा ते एका माणसाचं वेड म्हणून येतं आणि त्या वेडाचं मूळ त्या १८५७ नंतर घरावर कोसळलेल्या आघातात शोधतात. आपल्या माणसांना आणि परक्यांना एकच माप.

आणि तरीही संस्कृतीचा मार ह्या पुस्तकात पुरेपूर आहे. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बायकोच्या वाट्याला काय येतं, नातेवाईक कसे वागतात, पाण्याचा एक घोट किती अवघड होतो, हे सगळं आहे. म्हणजे संस्कृती तिथे स्वभावाचं स्पष्टीकरण म्हणून येत नाही. माणसांवर बाहेरून पडणारा दाब म्हणून येते, आणि त्या दाबाखाली प्रत्येक जण आपापल्या स्वभावाने वागतो. गुलाबचं घर सोडणंही मला असंच वाटतं.

तर माझ्या गाईडना दिलेलं उत्तर थोडक्यात असं. अशा लिखाणात संस्कृती असायलाच हवी. ती माणसाला काय करायला भाग पाडते हे लिहा, पण माणूस कसा आहे ह्याचं कारण म्हणून तिला वापरू नका. त्यांनी "लिहून आणा, बघू," असं म्हटलंय. म्हणजे अर्धा होकार.

आता माझ्या कथेचं पुढे काय झालं ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एकीचा मेसेज आला: कथा फार आवडली, मलयाळममध्ये नेऊ का? इतके दिवस मी विचार करत होते की अम्मच्ची ती वाचणार नाही. आता ती वाचू शकेल, तिच्या चर्चमधल्या बायकाही वाचतील.

आधी वाटलं, शेवट बदलून कवळीची गोष्ट घालावी. दोनदा लिहून पाहिलं. पण मग ती नुसती गंमत होते आणि एका म्हाताऱ्या बाईने इतकी वर्षं लपवलेली गोष्ट मी चारचौघांत मांडल्यासारखं होतं. (इथे लिहितानाही जीव कचरत होता. पण नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, लिही, फक्त नाव नको.) दुसरं म्हणजे, कवळी हे खरं कारण असलं तरी तेवढंच आहे का? चांगली कवळी असती तर ती आमच्याबरोबर बसली असती का? नवरा म्हणतो, हो. मला खात्री नाही. आणि माझी आई शेवटी का जेवायची, तेही मी तिला कधी विचारलेलं नाही.

ह्या पोस्टच्या आधी आईला फोन केला आणि विचारलं. ती म्हणाली, "तुमची घाई असायची सगळ्यांची. मला निवांत जेवायला आवडतं." एवढंच. मग म्हणाली, "का गं, आता काय लिहितेयस?"

भाषांतराला मी अजून होकार दिलेला नाही. नाताळला आम्ही कोट्टयमला जाणार आहोत. नवरा मध्ये बसून कथा मलयाळममध्ये सांगायला तयार आहे, अगदी शेवटच्या बंद दारापर्यंत. अम्मच्ची काय म्हणते त्यावर पुढचं ठरवेन. ती "छापू नका" म्हणाली तर छापणार नाही, इतकं मात्र ठरलंय.

चौथा चॅप्टर मैत्रेयी देवी आणि मिर्चा एलियाद ह्यांच्यावर आहे. तिथे लग्न झालंच नाही, पण कादंबऱ्या दोन झाल्या आणि दुसरी पहिलीला उत्तर म्हणून लिहिली गेली. त्याबद्दल पुढच्या वेळी.